भूरूपावरून काढलेला मातीचा नकाशा कितपत खरा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृदा सर्वेक्षणात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली निम्मी तरी खड्ड्यात उभं राहून. आता नकाशे वापरणाऱ्यांचे प्रश्न येतात: कृषीचे विद्यार्थी, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, बाग लावायला निघालेले शेतकरी. फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणावरची, म्हणजे बेसाल्टवरची आहेत, कारण माझे खड्डे तिथेच खणले गेले.

भूरूपावरून मातीचा नकाशा काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

सुरुवातीला माती बघतच नाहीत, जमिनीचा आकार बघतात. टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, आणि उपग्रहाचं चित्र समोर ठेवून डोंगरमाथा, कडा, उतार, पायथा, माळ, सपाटी, नदीकाठ असे तुकडे पाडतात. मग प्रत्येक प्रकारच्या काही तुकड्यांत खड्डे घेतात. दीड-दोन मीटर खोल, किंवा आधी खडक लागला तर तिथवर. थरांचा रंग, पोत, चुनखडी, खोली यांची नोंद होते. आणि त्या खड्ड्यांत जे सापडलं ते तशाच आकाराच्या बाकी सगळ्या तुकड्यांना लावून टाकतात.

मेख या शेवटच्या पायरीत आहे. नकाशावरचा बहुतेक भाग कुणी खणून पाहिलेला नसतो. आकार सारखा म्हणून माती सारखी, असं गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक कुठे टिकतं आणि कुठे नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

याला शास्त्र म्हणायचं की अंदाज?

शास्त्राच्या आधाराने केलेला अंदाज. माती पाच गोष्टींतून घडते, हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ, ही मांडणी मृदाशास्त्रज्ञ हान्स येनी यांनी १९४१ साली केली. त्याआधी १९३० च्या दशकात जेफ्री मिल्न यांना पूर्व आफ्रिकेत दिसलं की टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत माती ठरलेल्या क्रमाने बदलते, साखळीच्या कड्यांसारखी. लॅटिनमधल्या साखळीवरून त्यांनी या क्रमाला ‘कॅटेना’ म्हटलं. ऑस्ट्रेलियात १९४६ साली कॅथरिन-डार्विनच्या अफाट मुलखाची पाहणी झाली तीही भूरूपांचे गट पाडूनच, कारण तेवढ्या प्रदेशात खड्डे खणत बसणं शक्यच नव्हतं.

शेतकऱ्यांना हा क्रम कुणी शिकवावा लागला नाही. भंडारा-गोंदियाकडे वरून खाली बरडी, सिहार, मोरांड, कन्हार. कोकणात सडा, वरकस, खाचर, खार. गोव्यात मोरड, खेर, खाजन. ही नावं मातीची की जागेची, असं विचारलं तर नीट उत्तर देता येत नाही. दोन्हींची आहेत.

बेसाल्टवर ही पद्धत इतकी जमते कशी?

दख्खनचा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. ‘ट्रॅप’ हे नावच पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलं. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, फोफसा, पोकळ्यांनी भरलेला थर लवकर झिजतो आणि तिथे सपाट पायरी तयार होते. माथ्यावर आणि उतारावर माती टिकत नाही, पाण्याबरोबर खाली जाते, म्हणून वर मुरूम आणि वीतभर माती. पायथ्याला मध्यम, तळाशी खोल, भारी काळी. खडक एक, पाऊस साधारण एक, तेव्हा फरक पाडणारी मोठी गोष्ट उरते ती उतार आणि जागा.

त्यामुळे खोलीच्या बाबतीत हा नकाशा पुष्कळदा बरोबर निघतो. पोत आणि रंगाच्या बाबतीतही ठीक. सामू (माती किती आम्ल वा विम्ल), क्षार, सोडियम, पाणी मुरण्याचा वेग यांच्याकडे वळलो की भरवसा भराभर उतरतो. नकाशाच्या एकाच रकान्यात ‘खोल, चिकण, चोपण’ असे तीन शब्द (चोपण म्हणजे सोडियम वाढून निचरा बिघडलेली) लिहिलेले असतात, पण तिघांचं वजन सारखं नसतं.

मग फसते कुठे?

तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, पूर्णेचं खोरं. अमरावती, अकोला, बुलढाण्याचा खारपाण पट्टा. नकाशावर तो एकच एक सपाट गाळाचा प्रदेश आहे, उभं राहून पाहिलं तरी क्षितिजापर्यंत काळीभोर सपाटी. पण एका शेतात पाऊस पडला की माती चिखलाच्या साबणासारखी होऊन पाणी वर साचतं, आणि थोड्या अंतरावर तशाच दिसणाऱ्या जमिनीत कापूस बरा येतो. संशोधकांनी बारकाईने मोजलं तेव्हा कळलं की या सपाटीतही किंचित उंच आणि किंचित सखल जागा आहेत, आणि चोपण माती आहे ती उंच जागी. आपल्याला शिकवलेलं असतं की क्षार सखल भागात साठतात. इथे उंचवट्यावरचं पाणी सखलात वाहून जातं, उंचवट्यावर कमी मुरतं, माती जास्त वाळते. वाळताना कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाहेर पडतं आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. त्याने कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी आणखी कमी मुरतं. म्हणजे पुस्तकी नियम लावून नकाशा काढला तर तो तिथे नुसता चुकत नाही, उलटा चुकतो.

दुसरं, सह्याद्रीच्या बाजूचा भाग. तोच बेसाल्ट, तोच पाऊस, आणि लाल माती नि काळी माती शेजारी शेजारी. लाल उंच भागावर, काळी लहान लहान खळग्यांत. इतक्या पावसात काळी मातीच उरायला नको, कॅल्शियम धुऊन जायला हवं. ती टिकली त्याचं श्रेय जिओलाइट या खनिजाला जातं. बेसाल्टच्या पोकळ्यांत ते भरलेलं असतं आणि झिजताना मातीला कॅल्शियम पुरवत राहतं. पुण्या-नाशिकच्या खाणींतले पांढरे चमकदार स्फटिक लोक दिवाणखान्यात ठेवतात ना, त्यातलेच. जमिनीच्या आकारावरून पोटातलं खनिज कळत नाही. आणि खळगे लहान असले की मोठ्या प्रदेशाच्या नकाशावर ते मावतच नाहीत.

तिसरं, खडक बदलतो तिथे. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुने ग्नाइससारखे खडक. उतार दोन्हीकडे मंद. नुसता आकार पाहून काढलेली रेघ ही सीमा सरळ ओलांडून जाते. भूगर्भाचा नकाशा शेजारी न ठेवता तिकडे काम करणारा माणूस पहिल्याच हंगामात शहाणा होतो. मी झालो.

नकाशात माझ्या गटाला ‘उथळ’ लिहिलंय. माझ्या शेतात तर चार फूट काळी आहे. नकाशा चुकला ना?

बहुधा नाही. आधी नकाशाचं प्रमाण बघा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने राज्यांचे नकाशे केले ते १:२,५०,००० या प्रमाणावर, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे अडीच किलोमीटर. त्यासाठी दर १० किलोमीटरच्या जाळीवर माती पाहिली गेली. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, तेव्हा जाळीचे बिंदू होतात तीन हजारांच्या आसपास. मधली सगळी जागा भूरूपाच्या आधाराने भरलेली.

कागदावर वाचता येईल असा सगळ्यात लहान तुकडा साधारण ०.४ चौरस सेंटिमीटरचा धरतात. या प्रमाणावर तो होतो २५० हेक्टर, सहाशे एकरांहून जास्त. तुमचं पाच एकर त्यात कुठल्या कुठे. १:५०,००० वर तोच तुकडा १० हेक्टरचा, आणि १:१०,००० वर ०.४ हेक्टरचा, म्हणजे एक एकर. शेताबद्दल बोलायचं तर या शेवटच्या प्रमाणाच्या आसपासचा नकाशा हवा.

शिवाय ‘उथळ’ म्हणजे त्या तुकड्यात *जास्त करून* उथळ. नकाशासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की अमुक सीरिज, म्हणजे मातीचा अमुक प्रकार, इतके टक्के, तमुक इतके टक्के. ती पुस्तिका कुणी उघडत नाही. रंगीत कागद भिंतीवर लागतो आणि पुस्तिका कपाटात जाते. नकाशाबद्दलच्या निम्म्या तक्रारी या कपाटात सापडतील.

‘७० टक्के अचूक’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

चार प्रश्न विचारल्याशिवाय काहीच नाही.

किती खड्ड्यांवरून? २० तपासणी खड्ड्यांपैकी १४ जुळले तर ७० टक्के झाले, पण खरा आकडा ५० पासून ८५ पर्यंत कुठेही असू शकतो. १०० पैकी ७० जुळले तर ती रुंदी ६० ते ७८ वर येते.

ते खड्डे नकाशा काढताना वापरलेलेच होते का? ज्या प्रश्नांवर अभ्यास केला त्याच प्रश्नांची परीक्षा दिल्यासारखं ते होतं.

जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या की सोयीने?

आणि सगळीकडे एकच उत्तर दिलं असतं तर किती जुळलं असतं? ज्या तालुक्यात ८० टक्के जमीन भारी काळी आहे तिथे डोळे मिटून ‘भारी काळी’ लिहिलं तरी ८० टक्के गुण मिळतात. तिथे ७० टक्केवाला नकाशा म्हणजे तोटाच.

खड्डे सोयीच्या जागी घेतले जातात, हे खरं आहे का?

आहे. एका प्रकल्पात तपासणीला गेलो होतो. यादीतले खड्डे नकाशावर टाकले तर मणी ओवल्यासारखे सगळे डांबरी रस्त्याच्या कडेने. जीप जाते तिथवर सर्वेक्षण. रस्ता नेहमी चांगली, घट्ट, पाणी न साचणारी जमीन शोधत जातो, म्हणजे खड्डेही तसल्याच जमिनीत पडले. ओढ्याकाठची भारी जमीन आणि डोंगराची मान, दोन्ही कोऱ्या. वर एका खड्ड्यात मला चक्क रस्त्याचा भराव लागला, त्याची नोंद ‘मुरमाड, मध्यम खोल’ अशी झालेली. पगार, डिझेल, पावसाळ्याआधी संपवायची घाई, हे सगळं समजतं. पण मग अचूकतेचा आकडा छापू नये.

नकाशा हातात आला की मी आधी खड्ड्यांच्या जागा मागतो. त्या नसतील तर नकाशाला चित्र समजतो.

उपग्रह आणि उंचीच्या डिजिटल नकाशांमुळे हे सगळं सुटलं नाही का?

डोंगराळ भागात बरंच सुटलं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने झालेल्या मोजणीची उंची आज ३० मीटरच्या चौकटीत फुकट मिळते, आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून केलेली इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळते. उतार, वळण, पाणी कुठे जमेल याचा निर्देशांक, सगळं संगणक मिनिटांत काढतो. पूर्वी हेच आम्ही कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, बोटाने मोजत करायचो, आणि टोपोशीटवर दोन कंटूरमध्ये उंचीचा फरक २० मीटरचा.

सपाटीवर मात्र हिशेब करून पाहा. एक टक्का उतार असेल तर ३० मीटरच्या एका चौकटीत उंचीचा फरक पडतो ३० सेंटिमीटर. मोजणीतली चूकच काही मीटरांची. वर झाडं, घरं, उभा ऊस यांची उंचीही मिसळलेली. म्हणजे काळ्या जमिनीच्या सपाटीवर संगणक जे ‘भूरूप’ दाखवतो त्यातलं पुष्कळसं मोजणीचा गोंधळ असतो. पूर्णेकाठचे ते किंचित उंचवटे यात सापडायचे नाहीत. ड्रोनने किंवा लेव्हल लावून मोजलं तर सापडतात.

मशीन लर्निंगने काढलेले नकाशे जास्त विश्वासार्ह असतात?

जास्त गुळगुळीत असतात. खड्डे तेच जुने आणि थोडके असतील तर गणित कितीही भारी असलं तरी माहिती वाढत नाही. एक फायदा कबूल करतो: चांगला नकाशा प्रत्येक चौकटीसोबत अनिश्चितताही देतो, जी आमच्या हाताने ओढलेल्या रेघेने कधी दिली नाही.

रेघेच्या या बाजूला एक माती, त्या बाजूला दुसरी, असं खरंच असतं?

क्वचित. कड्याखाली किंवा नदीच्या दरडीला असतं. बाकी ठिकाणी माती चालता चालता बदलते, कुठे पन्नास पावलांत, कुठे अर्ध्या किलोमीटरमध्ये. आणि एकाच तुकड्याच्या आतही ती एकसारखी नसते. फिलिप बेकेट आणि रिचर्ड वेबस्टर यांनी १९७१ साली जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की एका शेतात मातीचा जेवढा फरक सापडतो त्यातला निम्म्यापर्यंतचा फरक एका चौरस मीटरमध्येच असू शकतो. हे वाचल्यापासून मी एका ढेकळावरून शेताचं भविष्य सांगणं सोडलं.

माणसाने जमीन बदलली असेल तर?

तर भूरूप काहीच सांगत नाही, आणि महाराष्ट्रात ही बाब लहान नाही.

जुनं उदाहरण पांढरीचं. आपल्याकडे शेत म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठत गेली, त्याचा हा उंचवटा. गोदावरी-प्रवरेच्या काठी तर ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांच्या पांढरी आहेत. नकाशावर ते सगळं ‘नदीकाठचा गाळ, खोल काळी’ मध्ये जातं. गावातल्या माणसाला विचाराल तर तो लांबूनच बोट दाखवेल, कारण त्याच्या आज्याने तिथून गाड्या भरून माती शेतात नेलेली असते.

नवं उदाहरण तलावातल्या गाळाचं. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या आधीही लोक गाळ नेतच होते, योजनेने वेग दिला. मुरमाड माळावर फूटभर गाळ पसरला की ती जमीन नकाशाच्या दृष्टीने उथळ आणि पिकाच्या दृष्टीने मध्यम. उलटही घडतं. जेसीबी लावून उताराचं शेत सपाट केलं, वरच्या अंगाचा मुरूम उघडा पडला, खालच्या अंगाला भर पडली. उताराचा नकाशा म्हणतो सपाट, म्हणजे खोल. निम्म्या शेतात नांगराचा फाळ खडकावर खणखणतो.

आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. मग नकाशा कशाला?

दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. २०१५ पासूनच्या त्या पत्रिकेसाठी बागायतीत २.५ हेक्टरला आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना ठरला, तोही वरच्या थराचा. नत्र, स्फुरद, पालाश, सामू त्यातून कळतो. खाली खडक किती फुटांवर आहे, पाणी किती धरेल, मुळं कुठवर जातील, हे त्यात नाही. ते खड्ड्यात किंवा नकाशात.

पाणलोटाच्या आराखड्याला भूरूपाचा नकाशा पुरेल?

पुरतो. बांध-बंदिस्ती कुठे, सलग समतल चर कुठे, गवत कुठे, हे ठरवायला १:१०,००० च्या आसपासचा नकाशा चांगला चालतो. शेततळ्याची नेमकी जागा मात्र खणूनच ठरवा. काळ्या मातीखाली तीन फुटांवर फुटका मुरूम निघाला की तळं महिन्यात कोरडं, आणि मग प्लास्टिक कागदाचा खर्च.

संत्र्याची बाग लावायची आहे. नकाशावर विसंबून राहू?

नको. बाग पंधरा-वीस वर्षांची. नकाशा बघून कुठल्या बाजूची जमीन घ्यायची एवढं ठरवा, पुढचं हाताने करा.

शेताच्या वरच्या अंगाला, मधे आणि खालच्या अंगाला एकेक खड्डा घ्या, माणूस छातीएवढा आत उभा राहील असा. त्यांच्या मधे ऑगरने, म्हणजे मातीच्या गिरमिटाने, दहा-बारा ठिकाणी भोकं पाडा. प्रत्येक फुटाच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका आणि कान जवळ न्या. हलकी चुर्र ऐकू आली तर ठीक. दुधासारखा फेस उतू आला तर चुनखडी भरपूर आहे, पुढे पानं पिवळी पडून लोहाची कमतरता दिसणार. मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तिथेच असेल तर पावसाळ्यात मुळं कुजतील, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येईल. तळाला मऊ मुरूम असलेली मध्यम जमीन सापडली तर देवाचे आभार माना. भारी काळी दिसते श्रीमंत, पण संत्र्याला मानवत नाही.

दोन दिवसांचं काम आहे. रोपांच्या पैशापुढे खर्च किरकोळ.

शेतकऱ्याला विचारून नकाशा दुरुस्त करता येतो का? की ते अशास्त्रीय?

मी आधी विचारतो, मग खणतो. शेतकऱ्याचं सांगणं वापसा कधी येतो, नांगर कुठे अडतो, कुठली पट्टी आधी सुकते, असं असतं. ते खोलीत आणि निचऱ्यात बदलून घेणं आपलं काम. दोन गावांत एकाच शब्दाचा अर्थ वेगळा निघतो, तेवढं जपावं. ‘हलकी’ म्हणजे कुठे उथळ, तर कुठे वाळूसर.

यवतमाळकडे एकदा नकाशाप्रमाणे पायथ्याची जागा निवडली, चुना टाकून चौकोन आखला, मजुराने पहिली कुदळ मारली. बांधावर बसलेल्या आजींनी विचारलं, काय शोधता? म्हटलं, माती बघतो. त्या म्हणाल्या, मंग थ्या तिकडं बघा ना, इथं आमच्या विहिरीचा मलबा हाय, माह्या लग्नाच्या साली टाकला. तरी खणलं, कारण चौकोन आखून झाला होता. फूटभर काळी, खाली अडीच फूट फुटका दगड, त्याखाली पुन्हा काळी. आजींनी दाखवलेल्या जागी, चाळीस पावलांवर, मग दुसरा खड्डा घेतला. वहीत पहिल्या खड्ड्याचा क्रमांक खोडला आणि शेराच्या रकान्यात लिहिलं: विहिरीचा मलबा, माहिती शेतमालकिणीकडून.